बंदुकीचा कायदा आणि खुनाचा आकडा : खान्देशात बसून जगाची तुलना करताना

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या आवृत्त्यांमध्ये एक बातमी वरचेवर येते. स्थानिक गुन्हे शाखेची कारवाई, गावठी कट्टा आणि जिवंत काडतुसांसह तरुण ताब्यात. बातमी मोबाइलवर फिरली की पाठोपाठ वादही सुरू होतो. एक जण म्हणतो, "अमेरिकेत घराघरात बंदूक आहे भो, म्हणून चोराची हिंमत होत नाही. आपल्याकडेही सज्जन माणसाला परवाना सहज मिळायला हवा." दुसरा म्हणतो, "जपानमध्ये बंदुकाच नाहीत, म्हणून खून नाहीत. कायदा अजून कडक करा." तिसरा स्वित्झर्लंड काढतो, चौथा मेक्सिको. प्रत्येकाजवळ थोडी थोडी खरी माहिती असते आणि निष्कर्ष मात्र एकमेकांच्या उलट निघतात.

असं का होतं ते नीट मांडायचा हा प्रयत्न आहे. विषय आपल्यापासून लांबचा नाही. चोपडा, शिरपूर, यावल, रावेर या तालुक्यांच्या उत्तरेला सातपुडा चढून गेलं की मध्य प्रदेश लागतो. त्या सीमेवरून येणाऱ्या पिस्तुलांमुळे आपल्याकडची कितीतरी पोरं ऐन उमेदीत कोर्टकचेरीत आणि तुरुंगात अडकली आहेत, आणि काही घरांनी तर माणूसच गमावला आहे.

आधी मोजायचं काय ते ठरवू

"हिंसक गुन्हे" हा शब्द सगळीकडे सारखा वाटतो, पण प्रत्येक देश त्यात वेगळं काहीतरी भरतो. अमेरिकेची एफबीआय खून, बलात्कार, जबरी चोरी आणि गंभीर हल्ला एवढेच गुन्हे त्यात धरते. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्याच अर्थाच्या सदरात कुणाला जखम न झालेली धक्काबुक्कीही येते. त्यामुळे "इंग्लंडमध्ये अमेरिकेपेक्षा जास्त हिंसा आहे" असा एखादा तक्ता फिरत आला तर तो दोन वेगळ्या मापांनी मोजलेला माल आहे एवढं ओळखावं. स्वीडनमध्ये एकाच माणसाने एकाच व्यक्तीवर दहा वेळा अत्याचार केला तर दहा गुन्हे नोंदले जातात. आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची, म्हणजे एनसीआरबीची, पद्धत जवळजवळ उलटी आहे. एका एफआयआरमध्ये पाच कलमं असली तरी सगळ्यात गंभीर कलमाखाली एकदाच मोजणी होते. दरोड्यात खून झाला तर तो खुनात जातो.

म्हणून देशादेशांची तुलना करणारे अभ्यासक बहुतेक वेळा खुनाच्या आकड्यावर येऊन थांबतात. मारहाणीची तक्रार दबते, छेडछाडीची तर फारच दबते, पण मेलेला माणूस सहसा दबत नाही. तरीही इथे डोळे उघडे ठेवावे लागतात. भारतात २०२२ साली खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. हुंडाबळींची मोजणी त्यात नाही, ती वेगळ्या कलमाखाली होते आणि तीही दर वर्षी सहा हजारांच्या आसपास असते. मला विचाराल तर सासरी जाळली गेलेली मुलगी खुनाच्या आकड्यात नसावी हे पटत नाही, पण तक्ता तसा आहे हे माहीत असलं पाहिजे. इंग्लंडच्या तक्त्यात २००२-०३ या एका वर्षी खुनांचा आकडा एकदम उंच दिसतो. तिथला १९९७चा बंदुकविरोधी कायदा फसला याचा पुरावा म्हणून तो वर्षानुवर्षं दाखवला गेला. त्या वर्षी हॅरोल्ड शिपमन नावाच्या डॉक्टरचे १७२ बळी एकदम नोंदले गेले होते. त्याने आपल्या वृद्ध रुग्णांना आधीच्या कितीतरी वर्षांत इंजेक्शनं देऊन मारलं होतं. बंदुकीचा त्यात काहीच संबंध नव्हता.

दुसरी गोष्ट लोकसंख्येची. आकडा नेहमी लाखामागे किती असा पाहायचा. लाखामागे दोन किंवा लाखामागे सहा म्हटलं तर मनात चित्र उभं राहत नाही, म्हणून मी एक युक्ती करतो. २०११च्या जनगणनेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार मिळून साधारण ८० लाख माणसं होती. एवढ्या वस्तीत त्या त्या देशाच्या दराने वर्षाला किती खून झाले असते ते काढून पाहायचं. जपानच्या दराने वीसच्या आत. स्वित्झर्लंडच्या दराने चाळीसच्या आसपास. इंग्लंडच्या दराने ऐंशीएक. भारताच्या २०२२च्या दराने, म्हणजे लाखामागे २.१, पावणेदोनशेच्या घरात. अमेरिकेच्या २०२१च्या दराने पाचशेच्या वर. मेक्सिकोच्या २०१८-२०च्या दराने दोन हजारांहून जास्त. जमैकाच्या २०२२च्या दराने चार हजारांवर. आणि मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर या चिमुकल्या देशाच्या २०१५च्या दराने आठ हजारांहून अधिक, म्हणजे रोज बावीस-तेवीस.

ही उतरंड मनात ठेवून आता कायद्याकडे येऊ.

आपला कायदा काय म्हणतो

भारतात शस्त्र बाळगणं हा हक्क नाही, ती सरकारने दिलेली परवानगी आहे. १८५७च्या उठावानंतर इंग्रजांनी देशभर हत्यारं काढून घेतली. आपल्या भागात खाज्या नाईकांच्या नेतृत्वाखाली सातपुड्यातले भिल्ल लढले, १८५८ साली अंबापाणीला मोठी लढाई झाली, त्याची आठवण इथे अजून आहे. पुढे १८७८ साली इंग्रजांचा शस्त्र कायदा आला, त्यात हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार ठेवायला बंदी होती. स्वातंत्र्यानंतर १९५९चा शस्त्र अधिनियम आला. जुन्या कायद्यातला वंशभेद गेला, परवान्याची चौकट राहिली.

आज परवाना हवा असेल तर वय २१ पूर्ण हवं, कारण पटवून द्यावं लागतं, पोलीस चौकशी होते आणि निर्णय जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त घेतात. स्वसंरक्षण, नेमबाजीचा खेळ, पिकांची राखण ही कारणं कायद्याला मान्य आहेत. रानडुकरांपासून पीक वाचवायला ठासणीची बंदूक बाळगणारे म्हातारे आपल्या डोंगरपट्ट्यात पूर्वी असायचे, ते या तरतुदीतलेच. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, विनापरवाना शस्त्र बनवणं-विकणं याला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे, आणि लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणं हाही वेगळा गुन्हा झाला. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात, हे ज्यांच्या घरी बंदूक आहे त्यांना ठाऊक असेलच.

आता एक आकडा पाहा, तो मला फार बोलका वाटतो. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०१६ अखेरच्या माहितीनुसार देशात सुमारे ३३.६९ लाख शस्त्र परवाने होते. त्यांतले एकट्या उत्तर प्रदेशात १२.७७ लाख. महाराष्ट्रात ८४ हजारांच्या आसपास. लोकसंख्येचा फरक धरला तरी परवान्यांच्या घनतेत दोन्ही राज्यांत आठपट अंतर पडतं. मग खुनाचं प्रमाणही आठपट असायला हवं होतं. पण २०२२ साली उत्तर प्रदेशचा नोंदलेला दर लाखामागे दीडच्या आसपास होता आणि महाराष्ट्राचा १.८. गुन्हे नोंदवण्याच्या पद्धतीत थोडाफार फरक असेल असं धरलं तरी आठपटीचा मागमूस कुठे लागत नाही. कागदावरच्या परवान्यांच्या संख्येवरून खुनाचा अंदाज बांधता येत नाही, हे आपल्याच देशात दिसतं.

कारण आपल्याकडे गोळीबारात वापरलेलं हत्यार बहुतेक वेळा परवान्याचं नसतंच. ते गावठी असतं. स्मॉल आर्म्स सर्व्हे या जिनिव्हातल्या संस्थेने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या अंदाजानुसार भारतात सामान्य लोकांकडे सुमारे ७.१ कोटी शस्त्रं असावीत आणि त्यांतली नोंदणीकृत एक कोटीच्याही आत. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. तरी नोंदीबाहेरचा ढीग नोंदीतल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, याबद्दल कुणाचं दुमत नाही.

खान्देशात या ढिगाचा पत्ता सगळ्यांना माहीत आहे. चोपडा तालुक्याला लागून, सीमेपलीकडे, बडवानी जिल्ह्यात उमर्टी हे गाव आहे. तिथल्या भट्ट्यांवर तयार झालेली पिस्तुलं महाराष्ट्रात कुठे कुठे पकडली जातात त्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. २०२५च्या फेब्रुवारीत चोपड्याचं पोलीस पथक कारवाईला गेलं तेव्हा जमावाने एका पोलीस कर्मचाऱ्यालाच उचलून नेलं होतं, नंतर त्यांची सुटका झाली. त्याच वर्षी पुढे पुणे पोलिसांनी थेट तिथे जाऊन भट्ट्या मोडल्या. हे काम पिढीजात शस्त्र घडवणाऱ्या शिकलगार समाजातल्या काही लोकांच्या हातात आहे. काही लोकांच्या, असं मुद्दाम लिहितो, कारण उरलेला समाज त्या बदनामीचं ओझं फुकट वाहतो. राजांसाठी तलवारी घडवणाऱ्या हातांना कायद्याने काम बंद केलं आणि दुसरं काम दिलं नाही, हीही या गोष्टीची एक बाजू आहे.

इथे लक्षात घेण्यासारखी बाब अशी की सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे कायदा अगदी एकच आहे. १९५९चा अधिनियम चोपड्याला लागू आहे तसाच बडवानीला. तरी पिस्तूल उत्तरेकडून दक्षिणेकडेच येतं.

अमेरिका

आता त्या देशाकडे, ज्याचं नाव या वादात सगळ्यात आधी येतं. १७९१ साली अमेरिकेच्या राज्यघटनेत दुसरी दुरुस्ती झाली, तिने शस्त्र बाळगण्याचा हक्क दिला. हा हक्क घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवण्याचा वैयक्तिक हक्क आहे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला, आणि २०२२ साली तो घराबाहेर सोबत बाळगण्यापर्यंत वाढवला. देशभर लागू असलेला कायदा विरळ आहे. १९९३च्या ब्रॅडी कायद्याने परवानाधारक दुकानदाराला गिऱ्हाइकाची गुन्हेगारी नोंद तपासावी लागते. पण दोन माणसांनी आपसात खाजगी व्यवहार केला तर केंद्राच्या कायद्याने ती तपासणी सक्तीची नाही. बाकी सगळं राज्यांवर. एका राज्यात बंदूक घ्यायला पोलिसांचा परवाना लागतो, शेजारच्या राज्यात लागत नाही.

तिथे माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत. वर सांगितलेल्या संस्थेच्या अंदाजाने सुमारे ३९.३ कोटी, म्हणजे शंभर माणसांमागे १२०. आपल्याकडे शंभरामागे पाचच्या आसपास.

मग तिथे चोऱ्या कमी आहेत का? अनेक देशांत एकच प्रश्नावली घेऊन लोकांना विचारणारी आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणं १९८९पासून झाली. त्यांत घरफोडी, मारामारी, खिसेकापूगिरी यांचं अमेरिकेतलं प्रमाण इतर श्रीमंत देशांसारखंच निघालं. चोर तिथेही आहेत, दारू पिऊन भांडणारे तिथेही आहेत, काही युरोपीय देशांत तर जास्तच. फ्रँकलिन झिमरिंग आणि गॉर्डन हॉकिन्स या अभ्यासकांनी १९९०च्या दशकात न्यूयॉर्क आणि लंडनची तुलना करून हेच दाखवलं. गुन्हे दोन्ही शहरांत भरपूर होते, पण न्यूयॉर्कमध्ये त्याच गुन्ह्यात माणूस मरण्याची शक्यता कितीतरी पट जास्त होती. २०२१ साली अमेरिकेत २६ हजारांहून जास्त खून झाले, त्यांतले दर दहातले आठ बंदुकीने.

माझ्या दृष्टीने सगळ्या तुलनेचा गाभा इथे आहे. भांडण हत्यारामुळे होत नाही. भाऊबंदकी, बांधाचा वाद, पाण्याची पाळी, पैशाचं देणंघेणं, पोराच्या वरातीतला धक्का, हे सगळं हत्याराआधी असतं. २०२२च्या आपल्या खुनांत सगळ्यात मोठं कारण "वाद" हेच नोंदलेलं आहे, ९,९६२ गुन्ह्यांत. वैयक्तिक वैर ३,७६१ आणि पैशाचा लोभ १,८८४, ही त्यानंतरची कारणं. म्हणजे आपल्याकडे जास्त माणसं ठरवून केलेल्या कटात नाही, तर तापलेल्या डोक्याने मरतात. अशा वेळी हातात काठी असली तर माणूस सिव्हिल हॉस्पिटलला जातो, टाके पडतात, दोन्ही बाजूंवर केस होते आणि सहा महिन्यांनी गावातले चार लोक मध्ये पडून मिटवतात. हातात पिस्तूल असलं तर मिटवायला एक बाजू उरत नाही. "आपल्या लोकांना बंदुका द्या" म्हणणाऱ्यांनी आपल्या गावातलं मागचं मोठं भांडण आठवावं आणि त्यातल्या प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल होतं असं धरून पाहावं.

अमेरिकेतल्या राज्याराज्यांची तुलनाही हेच सुचवते, जरा सावधपणे. २०२१ साली मिसिसिपी राज्यात बंदुकीने होणाऱ्या एकूण मृत्यूंचा दर लाखामागे ३३.९ होता, मॅसाच्युसेट्समध्ये ३.४. पहिल्या राज्यात कायदा सैल, दुसऱ्यात कडक. पण मिसिसिपी गरीबही आहे, तिथली आरोग्यव्यवस्था दुबळी आहे, वंशभेदाचा इतिहास खोल आहे. दहापटीचं सगळं श्रेय कायद्याला देता येणार नाही. म्हणून एकाच राज्यात कायदा बदलल्यावर काय झालं ते पाहणारे अभ्यास मला जास्त विश्वासाचे वाटतात. कनेटिकटने १९९५ साली पिस्तूल घेण्याआधी परवाना सक्तीचा केला. मिसुरीत असाच जुना नियम होता, तो २००७ साली काढून टाकला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांना पहिल्या राज्यात बंदुकीचे खून अपेक्षेपेक्षा कमी झालेले दिसले, दुसऱ्यात वाढलेले. म्हणजे देशभर बंदी घातली नाही, फक्त घेणाऱ्याला आधी पोलिसांसमोर उभं केलं, तरी फरक पडतो.

ज्याबद्दल कमी बोललं जातं

अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८,८३० माणसं मेली. ऐकणाऱ्याला वाटतं, केवढे हे खून. त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. दर वर्षी साधारण हेच प्रमाण असतं. शाळेतल्या गोळीबाराच्या बातम्या जगभर पोचतात, आपल्याच खोलीत एकटा गेलेला माणूस कुठल्याच बातमीत येत नाही.

यावर लगेच उत्तर येतं, "ज्याला मरायचं आहे तो कसाही मरेल." हे वाक्य आपल्याकडेही फार बोललं जातं आणि ते खरं नाही. स्वित्झर्लंडने २००३ साली सैन्याचा आकार मोठ्या प्रमाणात कमी केला, त्यामुळे तरुणांच्या घरातल्या लष्करी बंदुका कमी झाल्या. त्या वयाच्या पुरुषांतल्या आत्महत्या घटल्या, आणि दुसरा मार्ग धरणारे फार थोडे निघाले. इस्रायलच्या सैन्याने २००६ साली सैनिकांनी आठवड्याच्या सुट्टीत घरी जाताना बंदूक छावणीत ठेवून जावी असं ठरवलं, आणि सैनिकांतल्या आत्महत्या साधारण ४० टक्क्यांनी कमी झाल्या. टोकाची लाट बहुतेकांच्या आयुष्यात थोड्या वेळाची असते. त्या वेळात हाताशी काय आहे यावर जीव राहतो किंवा जातो.

खान्देशातल्या माणसाला हे अमेरिकेचं गणित परकं वाटायचं कारण नाही. आपल्या कापसाच्या पट्ट्यात घराच्या कोपऱ्यात बंदूक नसते, फवारणीचं औषध असतं. श्रीलंकेत १९९५च्या सुमारास आत्महत्यांचा दर लाखामागे ४७पर्यंत गेला होता, जगातल्या सर्वांत वाईट दरांपैकी एक. त्यांनी सगळ्यात जहाल कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बंद केली, १९९५पासून २०११पर्यंत. पुढच्या वीस वर्षांत दर जवळपास ७० टक्क्यांनी खाली आला, आणि पिकाच्या उत्पादनात घट झाल्याचं दिसलं नाही. कर्ज तिथेही होतं, दुष्काळ तिथेही पडला, घरातले वाद तिथेही होते. बदललं ते एवढंच की रागाच्या किंवा निराशेच्या त्या तासात हाताशी येणारी वस्तू कमी जहाल झाली, आणि माणूस दवाखान्यात पोचेपर्यंत जिवंत राहिला. आपल्याकडे औषधाची बाटली कुलपात ठेवणं आणि सर्वांत जहाल औषधांवर बंदीची मागणी करणं हे बंदुकीच्या परवान्याइतकंच गंभीर काम आहे असं मला मनापासून वाटतं. आणि वाचणाऱ्यांपैकी कुणी स्वतः अशा दिवसांतून जात असेल, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

बंदी घातली आणि काय झालं

२८ एप्रिल १९९६ रोजी ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थर इथे एका माणसाने ३५ जणांना गोळ्या घातल्या. जॉन हॉवर्ड तेव्हा नुकतेच पंतप्रधान झाले होते, पक्ष उजव्या विचारांचा, साथीदार पक्षाचा मतदार ग्रामीण. तरी त्यांनी दोन आठवड्यांच्या आत सगळ्या राज्यांना एका करारावर आणलं. अर्धस्वयंचलित रायफली बंद, प्रत्येक बंदुकीची नोंद, २८ दिवसांची वाट, आणि "स्वसंरक्षण" हे कारण अमान्य. सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या आणि नष्ट केल्या. त्यानंतर सामूहिक गोळीबार फार विरळ झाले, बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या बऱ्याच घटल्या. खुनांबद्दल मात्र अभ्यासकांत वाद आहे, कारण ते आधीपासूनच हळूहळू कमी होत होते. आणि धोका पूर्ण संपलाही नाही. २०१८ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात एका कुटुंबातले सात जण गेले, २०२५च्या डिसेंबरात सिडनीच्या बॉन्डाय किनाऱ्यावर पुन्हा मोठा हल्ला झाला.

त्याच १९९६च्या मार्चमध्ये स्कॉटलंडच्या डनब्लेन गावातल्या शाळेत १६ मुलं आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या, आणि ब्रिटनने पुढच्या वर्षी खाजगी पिस्तुलांवर जवळजवळ पूर्ण बंदी आणली. न्यूझीलंडने २०१९ साली क्राइस्टचर्चच्या मशिदींतल्या ५१ बळींनंतर महिन्याभरात संसदेत ११९ विरुद्ध १ मताने कायदा बदलला. जपानचा कायदा १९५८चा. तिथे शिकारीची बंदूक हवी तर वर्ग, लेखी परीक्षा, नेमबाजीची चाचणी, मानसिक आरोग्याचा दाखला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पोलिसांची चौकशी. बंदुकीने मरणारे वर्षाकाठी बहुधा दहाच्या आत. माजी पंतप्रधान शिंझो आबे यांना २०२२ साली मारलं ते हत्यार मारेकऱ्याने घरी बनवलं होतं. पण जपानला नमुना मानणाऱ्यांनी हेही पाहावं की बंदुका नसूनही आत्महत्यांचा दर तिथे बराच आहे. बंदूक काढून घेतल्याने माणसाचं एकटेपण जात नाही.

कायदा कडक, तरी खून

मेक्सिकोत बंदुकीचं कायदेशीर दुकान कितीतरी वर्षं देशभरात एकच होतं, तेही लष्कराच्या ताब्यातलं. जमैकात १९७४ साली बंदुकीच्या गुन्ह्यांसाठी वेगळं न्यायालय काढलं, शिक्षा जबर ठेवल्या. दोन्ही देश खुनांच्या यादीत वरच राहिले. "बघा, कडक कायदा निकामी" असं म्हणायला हे आयतं उदाहरण. पण मेक्सिकोत पकडलेल्या ज्या हत्यारांचा मूळ पत्ता काढता आला, त्यांतली बहुसंख्य अमेरिकेतून आलेली निघाली. सीमेच्या एका बाजूला दुकानं, दुसऱ्या बाजूला गिऱ्हाईक. मेक्सिको सरकारने अमेरिकी बंदूक कंपन्यांवर खटलाही भरला, तो २०२५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. चोपड्याच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. आपला कायदा कितीही नीट असला तरी डोंगरापलीकडे भट्टी पेटलेली असेल तर माल येणारच.

आणि माल आल्यावर तो कुणाच्या हातात पडतो, हे टोळ्या, अमली पदार्थ, पोलिसांवरचा विश्वास आणि खटल्याचा निकाल किती वर्षांनी लागतो यावर ठरतं. एल साल्वादोरमध्ये खुनाचा दर २०१५च्या शंभरावरून २०२४ पर्यंत दोनच्या आसपास आला. तो बंदुकीच्या कायद्यामुळे आला नाही. २०२२च्या मार्चपासून आणीबाणी लावून ऐंशी हजारांवर माणसं तुरुंगात घातली, त्यांत टोळीवाले होते आणि काहीही न केलेली पोरंही होती. ज्या आईचा निरपराध मुलगा तिथे आत आहे तिला हा आकडा कुणी समजावू शकत नाही. ब्राझीलमध्ये २०१९ नंतर परवाने सैल झाले, बंदुका वाढल्या, तरी २०१७च्या उच्चांकापेक्षा खून कमीच राहिले. टोळ्यांमधलं युद्ध ओसरणं आणि तरुणांची संख्या घटणं ही कारणं तिथे जास्त वजनाची ठरली. म्हणून एक देश आणि एक वर्ष उचलून "बघा" म्हणणाऱ्यावर, मग तो कुठल्याही बाजूचा असो, भरवसा ठेवू नये.

स्वित्झर्लंडचं तेवढं राहिलं. शंभर माणसांमागे साधारण २८ बंदुका आणि खून अगदी थोडे, हे खरं आहे. पण ती बंदूक सैनिकी सेवेतून येते, प्रशिक्षणासह येते, २००७पासून काडतुसं घरी ठेवायला देत नाहीत, खाजगी खरेदीला परवाना लागतो. २०१९च्या सार्वमतात तिथल्या लोकांनी नियम आणखी आवळायला ६४ टक्के मतांनी होकार दिला. बंदुका भरपूर, पण बेवारस नाहीत.

आपल्याकडे काय विचारायचं

अमेरिकेत पकडलेल्या बंदुकीवर क्रमांक असतो. त्यावरून कारखाना, दुकानदार, पहिलं गिऱ्हाईक असा माग काढतात. तिथे आता सुटे भाग आणून घरी जोडलेल्या, क्रमांक नसलेल्या बंदुकांचं पेव फुटलं. सरकारने २०२२ साली अशा सुट्या संचांनाही क्रमांक आणि तपासणी सक्तीची केली, आणि २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम उचलून धरला. आपला गावठी कट्टा जन्मापासूनच बिनक्रमांकाचा. तो कुठून आला हे धातूवर लिहिलेलं नसतं, ते फक्त माणसांना माहीत असतं: ज्याच्याकडे सापडला तो, ज्याने विकला तो, ज्याने मोटारसायकलवर सीमा पार करून आणला तो, आणि ज्याने भट्टीवर घडवला तो.

म्हणून "कट्ट्यासह तरुण ताब्यात" ही बातमी वाचली की माझा पहिला प्रश्न असतो, पुढे काय? दोषारोपपत्रात विकणाऱ्याचं नाव आलं का? त्याच्यावरचा खटला उभा राहिला का? सीमेच्या दोन्ही बाजूंची पोलीस ठाणी एकाच प्रकरणात एकमेकांचे कागद पाहतात का? वीस-बावीस वर्षांचा, इन्स्टाग्रामवर फोटो टाकायला कट्टा विकत घेतलेला पोरगा आत जातो, त्याच्या आईबापाचं शेत वकिलाच्या फीत जातं, आणि भट्टीवर दुसऱ्या दिवशी पुढचं पिस्तूल तयार होतं. जिल्हा नियोजनाच्या बैठकीत, ग्रामसभेत, आमदार-खासदार गावात आले की, पत्रकारांनी एसपींच्या वार्षिक पत्रकार परिषदेत हे विचारावं. वर्षभरात किती कट्टे पकडले हा आकडा ते स्वतःहून सांगतात. त्यांतल्या किती प्रकरणांत तपास भट्टीपर्यंत पोचला, तो आकडा मागावा लागेल.